काखेत कळसा!



फायनल इयर जवळ आलं, की जालन्यात घरोघरी एकच प्रश्न... पुणे की बंगळुरू? मी घरी सांगितलंय, औंढा! आई म्हणाली, "नागनाथाचं दर्शन घेऊन ये, पण नोकरीचं काय?"

नोकरीचंच तर बोलतेय! हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने तिच्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. तत्त्व आपल्या मायकेलसन इंटरफेरोमीटरचंच. लेसरचे दोन भाग करायचे, काटकोनातल्या 4-4 किलोमीटर लांब निर्वात नळ्यांतून पाठवायचे, आरशांवरून परत आणून मिसळायचे. लहर आली की एकीकडचं अंतर वाढतं, दुसरीकडचं घटतं. किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकं! आपल्या लॅबमध्ये नुसतं दार आपटलं तरी फ्रिंजेस थरथरतात...

मामा म्हणाले, "म्हणजे मशीन ऑपरेटरच ना? मग इंजिनिअरिंग कशाला?"

अमेरिकेत अशी दोन यंत्रं आहेत. दूर कुठे मोठा भूकंप झाला, की आरशांचं ‘लॉक’ सुटतं. ऑपरेटर ते पुन्हा जमवतो, मग रात्रीचे तीन का वाजले असेनात! 2017 मध्ये हॅनफर्डच्या यंत्रात भलताच आवाज येऊ लागला. शोध घेतला तर काय, डोमकावळे नायट्रोजनच्या पाइपवरचा बर्फ टोचत होते!

2002 ते 2010 या काळात तर एकही लहर सापडली नाही. पण यंत्र भंगारात गेलं नाही, ते सुधारलं. सुमारे 11 किलोच्या आरशांजागी 40 किलोचे आले. ते टांगायला स्टीलच्या तारांऐवजी 0.4 मिलिमीटर जाडीचे काचेचे धागे आले (जालनेकरांनो, माफ करा!). आणि 14 सप्टेंबर 2015 ला दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर सापडली. 2017 चं नोबेल त्यालाच.

पप्पा रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला आहेत. बेअरिंग बिघडतंय हे ते नुसत्या आवाजावरून सांगतात. घरात तेच एकटे हसले नाहीत. म्हणाले, "नको तो आवाज ओळखायचा, हेच तर काम!"

‘मराठवाड्यात काही हलत नाही’ हे ऐकतच आपण मोठे झालो. औंढ्याची जागा निवडली, ती तिथली जमीन फारशी हलत नाही म्हणूनच! मग आपणच का पळायचं?