कारण : विश्रांती

रजेच्या अर्जात एक रकाना असतो, 'रजेचे कारण'. आम्हां दोघांपैकी एकजण गेली सव्वीस वर्षे महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. या सव्वीस वर्षांत त्या रकान्यात काय काय लिहिले, ते परवा आम्ही आठवून पाहिले. बहिणीचे लग्न, वडिलांचे आजारपण, आईचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, भातलावणी, मुलाचा शाळाप्रवेश, घरावरची कौले. 'विश्रांती' हा शब्द एकदाही लिहिलेला नाही. आमच्यातल्या दुसरीला तर अर्जच करता येत नाही. चूल, शेत, गुरे आणि नातवंडे यांच्याकडे रजेचा अर्ज कोण घेणार?

या फेब्रुवारीत आम्ही दोघांनीच दोन दिवस समुद्रकाठी जायचे ठरविले. अर्जावर मात्र 'घरगुती काम' असे लिहिले. फिरायला जातो हे लिहायची लाज वाटली. ही लाज आली कुठून, याचा विचार त्या दोन दिवसांत पुष्कळ झाला. तोच येथे मांडत आहोत. लिहिणारा हात एकाचा असला तरी बोल दोघांचे आहेत.

कापडे हे आमचे गाव पोलादपूर तालुक्यात, डोंगरात. समुद्र आमच्याकडे येतो तो सुकट, जवळा आणि बोंबील होऊन, बाजाराच्या पिशवीतून. आमची सावित्री नदी मात्र महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरते आणि पोलादपूर, महाड, दासगाव करीत बाणकोटला समुद्राला मिळते. २५ डिसेंबर १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदराला उतरले, ते याच खाडीतून येऊन. तेथून सर्व मंडळी पायी महाडला आली आणि त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. आमच्या लोकांनी समुद्र पाहिला तो असा, चळवळीसाठी. नाहीतर पोटासाठी, मुंबईच्या गोदीत. नुसते बसून पाहण्यासाठी समुद्र असतो, हे आम्हांला कुणी सांगितलेच नव्हते.

घरात विषय निघाला तेव्हा आधी आमचेच पाय मागे आले. सून राबते आणि सासूसासरे समुद्र बघत बसले, असे गाव म्हणेल. शेवटी सूनबाईनेच पिशवी भरली. म्हणाली, "आई, जा तुम्ही. दोन दिवसांत घर काही पळून जात नाही."

तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी बांधून शनिवारी पहाटे निघालो. पोलादपूर, महाड, मग मंडणगडमार्गे दापोली. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे एकाचे पूर्ण आणि एकीचे अर्धे. गाडीत हिशोब चालला होता. खर्चाचा नव्हे, रजेचा. ही पगारी रजा मिळते कशी? रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे झगडले, तेव्हा १८९० साली ती गिरणी कामगारांना मिळाली. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात १९४५ साली कारखाना कायद्यात पगारी सुट्टी आली आणि १९४६ साली आठवड्याच्या कामाचे ५४ तासांचे ४८ तास झाले. म्हणजे विश्रांती ही कुणाची मेहेरबानी नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. जयंतीला आम्ही हे भाषणात ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि आपली रजा मात्र चोरून घेतो!

दापोलीजवळ वणंद आहे, माता रमाईंचे गाव. त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा. जयंतीला तेथे गर्दी असते म्हणून आम्ही नंतरचा शनिवार निवडला होता. त्रिशरण-पंचशील घेतले आणि थोडा वेळ बसलो. रमाईंचे वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. त्या मातीत बसल्यावर आमच्यातल्या एकीला आपली आई आठवली. डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन ती कापड्याहून पोलादपूरच्या बाजाराला चालत जायची. रमाईंच्या घरी समुद्र आला तो टोपलीच्या ओझ्यातून. पुढे मुंबईत संसार, गोवऱ्या, लेकरांचे मृत्यू. आणि २७ मे १९३५ रोजी अवघ्या ३७ व्या वर्षी निर्वाण. या माउलीच्या वाट्याला किती दिवस विश्रांती आली असेल? आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही.

संध्याकाळी किनाऱ्याच्या एका गावी पोहोचलो. एका घरी 'खोली मिळेल' अशी पाटी होती. खोली दाखवली, भाडेही ठरले. मग विचारणा झाली, "गाव कोणते? आडनाव काय?" आम्ही सांगितले. मालक आत जाऊन आले आणि म्हणाले, "अहो, खोली आज दिलेली आहे, लक्षातच नव्हते." आम्ही भांडलो नाही. रस्त्यावर आल्यावर एकाने म्हणून पाहिले, "खरेच दिलेली असेल." त्यावर दुसरी म्हणाली, "मग आडनाव विचारायच्या आधी रिकामी कशी होती?" याला उत्तर नव्हते. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यातल्या पारशी विश्रामगृहातून बाहेर काढले होते. पुढे त्यांनीच घडविलेल्या घटनेच्या १५ व्या कलमात हॉटेल, विहीर, तलाव, सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या आहेत असे लिहिले गेले. लिहिले गेले ते खरे. पण अंधार पडताना हातात पिशवी घेऊन उभे राहिले की छाती धडधडतेच. परत जाऊ, असे क्षणभर दोघांनाही वाटले. मग वाटले, परतलो तर त्या माणसाचेच खरे होईल.

चार घरे सोडून दुसरी पाटी होती. तिथल्या बाईंनी आधारकार्ड घेतले, वहीत पूर्ण नाव उतरवले आणि मान वर करून एवढेच विचारले, "जेवायला काय करू? बांगडा की सुरमई?" त्या रात्रीच्या कालवणाची चव अजून जिभेवर आहे.

रविवारी सकाळी वाळूत जाऊन बसलो. पहिला अर्धा तास फार अवघड गेला. एकीच्या हातांना काम नाही हे सहनच होईना. तिने शिंपले गोळा केले आणि तांदूळ निवडावेत तसे निवडत बसली. हळूहळू हात थांबले. एकजण चपला उशाला घेऊन झोपला, पाळीचा भोंगा न ऐकता. उठला तेव्हा ती पायांवर पाणी घेत उभी होती आणि एकटीच हसत होती. लग्नाला तीस वर्षे झाली; असे हसताना तिला यापूर्वी कधी पाहिले, ते आठवेना.

दुपारी हर्णैला माशांचा बाजार पाहिला. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्याला होड्या, वाळूत टोपल्या आणि मोठ्या आवाजात बोली लावणाऱ्या बायका. या बायकांना समुद्र म्हणजे कामच. त्यांनाही कुणी दोन दिवस डोंगरात न्यावे, असे आम्हांला वाटले. सूनबाईसाठी सुकट घेतली आणि गाडी धरली.

सोमवारी कारखान्यात विचारले, "काय, झाले का घरगुती काम?" "झाले," एवढेच सांगितले. पण मनाला ते बोचले. आडनाव न लपवता आम्ही खोली मागितली आणि आपल्याच हक्काची रजा मात्र लपवून घेतली!

वाचक बंधूभगिनींनो, जयंतीची वर्गणी द्यावी, मुलांचे शिक्षण पाहावे, ते आधीच. पण वर्षातले दोन दिवस घरातल्या राबणाऱ्या बाईसाठी राखून ठेवा. आमचे ठरले आहे. आता आधी सूनबाई आणि मुलगा जाणार, घर आम्ही सांभाळणार. आणि पुढच्या वर्षी आमचा अर्ज जाईल तेव्हा त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलेले असेल, 'कारण : विश्रांती'.

जयभीम!