झोपाळा आणि ९.८

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे कुठे गायब होतीस, असं विचारणाऱ्यांना एका ओळीत उत्तर द्यायचं तर, मी फोन गादीवर फेकत होते. खरंच! रोज तीस-चाळीस वेळा. नवरा पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचा फोन उचलून कपाटात ठेवला. :)

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात बाबा साताऱ्याच्या घरी न्हाणीघराच्या दारात घसरून पडले. हाड वगैरे काही मोडलं नाही, पण उठता येईना. आत्या देवळात गेलेली. ती येईपर्यंत दीड तास तसेच पडून होते. मला कळलं दोन दिवसांनी, कारण "तिला सांगू नकोस" असं त्यांनी आत्याला बजावलं होतं. (हे आत्ताच कळणाऱ्या नातेवाइकांनी कृपया फोन करून त्यांना रागावू नये. परवानगी घेऊनच लिहितेय.)

तो दीड तास काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. मी दिवसभर लोकांसाठी अ‍ॅप लिहिणारी बाई, आणि माझे वडील पडले तर मला कळायची सोय नाही? बसले लिहायला. बाबांकडे अँड्रॉइड, आत्याकडे ताईने दिलेला जुना आयफोन, म्हणून फ्लटर घेतलं. एकदा लिहायचं, दोन्हीकडे चालवायचं. निदान सांगतात तरी तसं.

फोनमधल्या अ‍ॅक्सेलरोमीटरबद्दल माझा समज अगदी उलटा होता. फोन स्थिर असेल तर शून्य दिसेल आणि पडताना मोठा आकडा, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात टेबलावर गप्प पडलेला फोन ९.८ सांगतो, आणि हातातून सुटून हवेत असलेला फोन जवळजवळ शून्य! आत सिलिकॉनच्या बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं एक अतिसूक्ष्म वजन असतं. टेबल फोनला खालून आधार देतं, तो आधार त्या वजनाला जाणवतो. पडताना आधार देणारं कोणीच नसतं, म्हणून शून्य. म्हणजे हे यंत्र हालचाल मोजत नाही, आधार मोजतं. हे कळल्यावर मी थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

असो. पुढची गंमत दोन कंपन्यांची. फोन टेबलावर उताणा ठेवला, की अँड्रॉइड वरच्या दिशेला अधिक ९.८ सांगतो आणि आयफोन उणे १! एक मीटर-सेकंदात मोजतो, दुसरा गुरुत्वाकर्षणाच्या पटीत, आणि चिन्हंही उलटी. मी वापरलेलं 'सेन्सर्स प्लस' हे पॅकेज दोघांना एका भाषेत आणतं, नाहीतर आत्या कायम छताला चिकटलेली दिसली असती. पण ते पॅकेज सांगितल्याशिवाय सेकंदाला पाचच नोंदी देतं. एक मीटर पडायला लागतो साधारण ०.४५ सेकंद. म्हणजे माणूस पडून मोकळा होईपर्यंत हातात नोंदी किती, तर दोन! मग दर २० मिलिसेकंदाला एक नोंद मागितली. सेकंदाला ५०, दिवसाला ४३ लाखांच्या वर ओळी.

नियम साधा ठेवला. फोन खिशात कसाही असो, तिन्ही अक्षांच्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. ते क्षणभर खूप खाली गेलं, लगेच खूप वर गेलं, आणि मग बराच वेळ ९.८ वर स्थिरावलं, तर माणूस पडून राहिलाय असं समजायचं. (त्यासाठीच ती गादी.)

आत्याच्या फोनवर हे जमलंच नाही. अ‍ॅप पडद्याआड गेलं की आयफोन त्याला झोपवतो. अँड्रॉइडसुद्धा २०१८ पासून मागे गेलेल्या अ‍ॅपला हे आकडे देत नाही; वर कायमची सूचना ठेवावी लागते. ती बाबांनी "सारखी मधे येते" म्हणून पुसून टाकली. पुन्हा समजावलं. पहिल्या आठवड्यात दोन खोट्या घंटा झाल्या. एकदा बाबांनी फोन अंथरुणावर टाकला म्हणून, एकदा तुळशीला पाणी घालताना तो खिशातून निसटला म्हणून. दोन्ही वेळा मी मीटिंगमधून धावत बाहेर.

खोट्या घंटा कमी करायच्या म्हणून सगळ्या नोंदींची फाइल रोज सकाळी माझ्याकडे येईल अशी सोय केली. बाबांना म्हटलं, "तपासायला लागतं थोडे दिवस." ते म्हणाले, "कर की."

तिसऱ्या दिवशी आलेख बघत होते. रात्री अकरानंतर सरळ रेघ, फोन उशाशी. पावणेतीनला थोडी पावलं. आणि मग एक सुंदर लाट. ९.५ ते १०.४, पुन्हा ९.५, दर १.४ सेकंदांनी एक शिखर. साडेतीनपर्यंत. आधी वाटलं सेन्सर बिघडला. आदल्या दोन रात्री काढून बघितल्या, तिथेही तेच.

मग एकदम लक्षात आलं. झोपाळा! माजघरातला, दोन मीटर कड्यांचा. त्याची एक फेरी होते २.८ सेकंदांची. पण झोपाळा सगळ्यात खाली असतो तेव्हा आधार जास्त लागतो, आणि तो क्षण एका फेरीत दोनदा येतो, जाताना आणि येताना. म्हणून शिखरं १.४ ला. कॉलेजातलं भौतिकशास्त्र इतक्या वर्षांनी असं भेटेल असं वाटलं नव्हतं.

आईला जाऊन दोन वर्षं झाली. "झोप कशी लागते?" असं मी दर रविवारी विचारते, आणि "मस्त!" असं उत्तर येतं. आत्याला विचारलं तर तीही म्हणाली, झोपतो की तो व्यवस्थित.

मी काय केलं? काहीच नाही. रोज सकाळी चहा घेताना आदली रात्र बघत राहिले. नऊ रात्रींपैकी आठ रात्री लाट होती.

मग न राहवून साताऱ्याला गेले. संध्याकाळी दोघं झोपाळ्यावर बसलो. तो करकरत नाही हे तेव्हा जाणवलं. लहानपणी त्याच्या करकरीने आख्खं घर जागं व्हायचं.

"कड्यांना तेल घातलंत?"

"हो. अक्काची झोप मोडते."

"रात्री बसता ना तुम्ही इथे?"

"अक्काने सांगितलं?"

"नाही. फोनने."

त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला, उलटसुलट करून बघितला. "टॉर्चसाठी घेतो मी हा बरोबर. याला कळतं होय?"

"त्याला नाही कळत. तो आकडे पाठवतो. मी बघते."

"किती दिवस?"

"नऊ रात्री."

मी रागावण्याची वाट बघत होते. तो त्यांचा हक्कच होता. पडल्याचं कळावं म्हणून दिलेल्या फोनमधून मी त्यांचं न झोपणं वाचत होते, तेही न विचारता. ते थोडा वेळ पायाने झोका देत राहिले. मग म्हणाले,

"नऊ रात्री बघत होतीस, मग एकदा फोन का नाही केलास? मी जागाच होतो."

फाइल सकाळी येते हो बाबा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तिसऱ्या दिवसानंतर मला वेळही पाठ झाली होती. उत्तर नव्हतंच.

आता अ‍ॅप फक्त शेवटच्या ३० सेकंदांच्या नोंदी ठेवतं, त्याही फोनमध्येच. घंटा वाजली तरच मला निरोप येतो, आणि ती बंद करायला बाबांना आधी वेळ मिळतो. गेल्या महिन्यात आत्या दाराला धरून हळूच खाली बसली, उठता येईना. तिच्या खिशात हे अ‍ॅप असतं तरी त्याला कळलं नसतं, कारण आधार पूर्ण सुटलाच नव्हता. आणि बाबा मुळात पडले होते न्हाणीघराशी, जिथे फोन जातच नाही! तिथे आता भिंतीला स्टीलची दांडी बसवून घेतली. तिला बॅटरी लागत नाही.

लाट आता मला दिसत नाही. परवा रात्री काम संपायला उशीर झाला. घड्याळात बघितलं, दोन पन्नास. जरा घाबरतच फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल," बाबा म्हणाले. पंचवीस मिनिटं बोललो. बहुतेक आईबद्दलच.

तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील दूर राहतात, ते काय करता? कळवा जरूर. अ‍ॅपचं नाही विचारत मी.