घडी

उंदराला भीती शिकवायला फार वेळ लागत नाही. एका पिंजऱ्यात पायाखालच्या जाळीतून विजेचा हलका झटका द्यायचा. पुन्हा त्याच पिंजऱ्यात ठेवलं की तो जागीच थिजतो. अमेरिकेतल्या एमआयटीत ली-ह्वेई त्साय यांच्या गटाने उंदरांना असंच शिकवलं, ती आठवण काही आठवडे मुरू दिली आणि मग त्यांच्या मेंदूतल्या पेशी मरतील अशी व्यवस्था केली. उंदीर ते सगळं विसरले. त्यानंतर त्यांना खेळणी, फिरती चाकं आणि सोबती असलेल्या प्रशस्त घरात ठेवलं. तर भीती परत आली! मेलेल्या पेशी काही परतल्या नव्हत्या.

२००७ सालचा हा प्रयोग वाचताना मी थांबले, ती आत्यामुळे. जन्मभर मला ‘अगं बाळे’ म्हणणारी आत्या आता ‘अहो’ म्हणते. पण एखाद्या दुपारी मेथी निवडता निवडता ती मिरजेच्या वाड्यातली बिऱ्हाडं ओळीने सांगू लागते. जिन्याखाली मास्तर, समोर तंबोरे करणारे, विहिरीपाशी दोघी विधवा जावा, आणि त्यातली कुठली कुणाशी बोलत नव्हती तेही. दिवेलागणीला मात्र विचारते, “अहो, मला घरी सोडाल का?”

मग दुपारी आलेलं ते सगळं इतके दिवस होतं कुठे?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो, हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला. ट्रंकेत घड्या घालून ठेवलेल्या लुगड्याचा जेवढा पदर वर, तेवढीच नक्षी दिसते, तसंच हे. हिस्टोनवर अ‍ॅसिटिलची खूण चिकटली की गुंडाळी सैल होते आणि तिथलं जनुक वाचता येतं. ही खूण काढणारी एन्झाइमं फार माजली की सगळं आवळून बसतं. त्साय यांच्या गटाने या एन्झाइमांना रोखणारं औषध दिलं, तेव्हा खेळण्यांवाचूनही उंदरांची आठवण परतली. पुढे २०१२मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतही यातलं एक एन्झाइम वाढलेलं आढळलं.

जुळ्या भावांच्या एका जोडीची हकिकतही वाचली. डीएनए एकच, शिक्षणही एकच, दोघे केमिकल इंजिनिअर. कीटकनाशकांशी ज्याचा संबंध आला त्याला अल्झायमर झाला, दुसरा शेवटपर्यंत शुद्धीत राहिला. मृत्यूनंतर पाहिलं, तर आजारी भावाच्या मेंदूत डीएनएवरच्या मिथाइल या दुसऱ्या प्रकारच्या खुणा कमी होत्या. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. खुणा कमी झाल्या म्हणून आजार आला की आजाराने खुणा पुसल्या, हेही त्यातून कळत नाही. पण जन्मपत्रिकेइतकंच जनुकांनाही अटळ मानणाऱ्यांनी ही हकिकत जरूर वाचावी.

आत्या म्हणजे उंदीर नव्हे. शिवाय अ‍ॅसिटिलची खूण काढणारी ही एन्झाइमं अंगभर काम करतात. मेंदूतली हवी तेवढीच गुंडाळी सैल करणं अजून साधलेलं नाही. काही कर्करोगांवर या एन्झाइमांना रोखणारी औषधं आहेत, अल्झायमरवर मान्यता मिळालेलं एकही नाही.

तरी एक करता येईल. आलागेला प्रत्येक पाहुणा आत्याला विचारतो, “मला ओळखलंत का?” ती कावरीबावरी होते, पदराशी चाळा करते. तुमच्या घरी असं कुणी असेल तर ही परीक्षा घेऊ नका. आपलं नाव आपणच सांगा आणि मेथीची जुडी पुढे ठेवून शेजारी बसा.