माणसे कोण मोजणार?

माझी आत्या लाँचमध्ये कधी बसली नाही. आमचे गाव अलिबाग तालुक्यात, रेवस बंदराच्या जवळ. भाऊच्या धक्क्यावर लाँच पकडली की दीड-दोन तासांत माणूस रेवसला उतरतो. पण आत्या एस. टी.नेच यायची. पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घालून, अर्धा दिवस मोडून, वाटेत उलट्या करीत. आम्ही मुले तिला हसायचो. आई डोळे वटारायची, पण कारण सांगायची नाही.

कारण मोठेपणी कळले. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. काशाच्या खडकाजवळ ती तुफानात सापडली, कलंडली आणि बघता बघता बुडाली. सहाशेहून जास्त माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नाही. मासळी घेऊन निघालेल्या कोळी बांधवांनी जमतील तेवढी माणसे आपल्या मचव्यांत ओढून घेतली. देश स्वतंत्र व्हायला महिनाही उरला नव्हता. त्या बोटीवर आत्याचा नवरा होता. गिरणीतून चार दिवसांची सुट्टी काढून घरी निघाला होता.

आमचे आजोबा गोदीत हमाल. आठ दिवस ते किनाऱ्याकिनाऱ्याने फिरले. प्रेत मिळाले नाही. मग एका कचेरीत गेले, तर तिथल्या कारकुनाने विचारले, “तुमचा माणूस बोटीवर होता, याला पुरावा काय?” आता तिकीट फाडताना नाव कोण लिहून घेतो? तिकीट होते, ते माणसाबरोबर समुद्रात गेले. आजोबा लिहिता-वाचता न येणारे, हात जोडून परत आले. यादीत नाव नाही म्हणून आत्या दोन वर्षे कुंकू लावीत राहिली. एका संध्याकाळी आजीने ते आपल्या पदराने पुसले. आत्या त्या वेळी बाविशीची असेल.

‘रामदास’ ही काही पहिली बोट नव्हती. त्याआधी वीस वर्षे, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी आपल्या याच किनाऱ्यावर एकाच दिवशी बुडाल्या होत्या.

हे सगळे पुन्हा वर आले ते २०२४ च्या डिसेंबरात. माझी मुलगी गडचिरोली जिल्ह्यात दिली आहे, चामोर्शी तालुक्यात. तिचे सासू-सासरे ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना गेटवे दाखवायला नेले. विहीणबाईंनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. घारापुरीच्या डोंगरावर जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत, असे मी सांगितले तेव्हा व्याही म्हणाले, चला, पाहूनच येऊ.

बोटीचे नाव लिहीत नाही. माणसे येत गेली, बसत गेली. बाके भरली तेव्हा कठड्याशी उभी राहिली. पैसे मात्र एकेकाचे नीट मोजून घेतले. लाइफ जॅकेटे वर छताला सुतळीने आवळून बांधलेली. मी विचारले तर पोऱ्या हसला. “मावशी, पाणी शांत आहे.” विहीणबाईंनी माझा हात धरला आणि हळूच विचारले, “इथं कोन मोजते जी?”

त्यांनी तो प्रश्न उगाच केला नव्हता. २३ जानेवारी २०२४ रोजी त्यांच्याच तालुक्यातल्या गणपूरच्या बाया वैनगंगा ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघाल्या होत्या. डोंगा उलटला. सहा जणी बुडाल्या. विहीणबाईसुद्धा हंगामात अशाच डोंग्याने पलीकडे जातात. पुलावरून जायचे तर लांबचा फेरा, आणि त्या फेऱ्याचे भाडे दिले तर मजुरीतले हातात काय उरणार? बोट चालू असता त्यांनी हे मला कानात सांगितले. घारापुरी येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

त्यानंतर अकरा दिवसांनी, १८ डिसेंबरला, त्याच वाटेवर ‘नीलकमल’ला धडक बसली. इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून तिच्यावर आदळली. दोन्ही बोटींवरची मिळून पंधरा माणसे गेली. मी रात्रभर टी.व्ही.समोर बसून होते. बोटीवर किती माणसे होती, याचा आकडा सारखा बदलत होता. आधी ऐंशीच्या आसपास म्हणाले, मग शंभराच्या वर गेला. परवाना होता चौऱ्याऐंशी प्रवासी आणि सहा कर्मचाऱ्यांचा. सात वर्षांच्या एका मुलाचा मृतदेह तर तीन दिवसांनी सापडला.

धडक दिली दुसऱ्या बोटीने, हे खरे. पण परवान्यापेक्षा जास्त माणसे काही धडकेने चढली नव्हती, आणि जॅकेटे काही धडकेने अंगावरून गळून पडली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून गेटवेवर प्रत्येकाच्या अंगात जॅकेट दिसू लागले. म्हणजे जॅकेटे होती. ती सोडायला पंधरा माणसे जावी लागली.

चौकशी होते, नाही असे नाही. गुन्हा दाखल होतो, परवाना थांबतो, मदत जाहीर होते. केरळात तर २००२ साली कुमरकोमला २९ माणसे गेली, २००९ साली थेक्कडीला ४५, २०२३ साली तानूरला २२. तिन्ही वेळा चौकशी आयोग बसला. तानूरची ती बोट मूळची मासेमारीची, तिची प्रवासी बोट केली होती. ती धक्क्याला लागत होती, भरत होती, सुटत होती. सगळे सगळ्यांना दिसत होते. नदी-खाडीतल्या बोटींसाठी इंग्रजांच्या वेळचा १९१७ चा कायदा होता, तो बदलून २०२१ साली नवा आला. नोंदणी, तपासणी, विमा, सगळे त्यात आहे. पण पहाटे पाच वाजता वैनगंगेच्या काठी तो कायदा घेऊन कोण उभे राहणार? उजनी धरणाच्या पाण्यात २१ मे २०२४ रोजी कुगाववरून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्याने उलटली, सहा माणसे बुडाली. धरणाचे पाणी पसरले तेव्हा काठावरच्या गावांमध्ये पाणी आले. माणसाने पलीकडे जायचे कसे, हा प्रश्न त्या माणसावरच सोडला. आणि बोट बुडाली की पहिला सवाल हाच, की हे लोक असल्या बोटीत बसलेच कशाला?

माझ्या आजोबांना विचारलेला प्रश्न आणि हा प्रश्न, मला तरी एकाच तोंडचे वाटतात.

मी आता लाँचने गावी निघाले की चिठ्ठीवर तारीख, वेळ, लाँचचे नाव आणि बरोबरच्या माणसांची नावे लिहून सुनेजवळ देते. सून आधी हसायची. आता स्वतःच वही पुढे करते. विहीणबाईंना मिरचीच्या हंगामात फोन करते तेव्हाही पहिला प्रश्न तोच, आज डोंग्यात किती जणी?

मागच्या खेपेला म्हणाल्या, “आठ. नववीले म्याच उतरवली. लय भांडली माह्यासंगं.”

म्हटले, बरे केलेत.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पन तिचा रोज बुडला ना जी.”

त्यावर काय बोलावे, मला सुचले नाही.