मावळतीकडे तोंड करून

जे. आर. आर. टॉल्किनच्या कथांतल्या एल्व्ह लोकांत दिशा मोजायला सुरुवात होते ती पश्चिमेपासून. नूमेन, ह्यार्मेन, रोमेन, फोर्मेन. म्हणजे पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर, याच क्रमाने. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या १९५५ साली आलेल्या शेवटच्या खंडाला जोडलेल्या परिशिष्टात हे चार शब्द आहेत. नूमेन ही सूर्य खाली जातो ती बाजू, रोमेन ही तो वर येतो ती. ह्यार्मेन म्हणजे डावीकडचा मुलूख आणि फोर्मेन म्हणजे उजवीकडचा. दक्षिण डाव्या हाताला यायची तर माणसाने मावळतीकडे तोंड करून उभं राहायला हवं. एल्व्ह तसेच उभे असतात, कारण त्यांची सोडून आलेली भूमी समुद्रापलीकडे पश्चिमेला आहे. एका जमातीचं सगळं परागंदापण टॉल्किनने दिशांच्या चार नावांत भरून ठेवलं.

आपले पूर्वज उलटे उभे होते. उगवतीकडे तोंड, म्हणून समोरची ती प्राची, पाठीमागची ती पश्चिम, आणि उजव्या हाताची ती दक्षिण. ‘दक्षिण’चा मूळ अर्थच उजवा, ‘दख्खन’ त्याच्यातूनच आलं. पुढे मराठी माणसाने उगवत आणि मावळत असे स्वतःचे दोन शब्द केले. पुण्याच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख मावळ झाला आणि तिथली माणसं मावळे. मावळत, उगवत आणि नूमेन, रोमेन या जोड्या शेजारी ठेवल्या की मला ऑक्सफर्डचा तो प्राध्यापक फार जवळचा वाटतो. सूर्य काय करतो हे पाहून दिशेला नाव द्यायचं, एवढं साधं काम दोन्हीकडे झालं आहे.

दादरला मात्र सूर्याला कोणी विचारत नाही. तिथे रुळांच्या एका अंगाला पूर्व आणि दुसऱ्या अंगाला पश्चिम. फुलबाजार पश्चिमेला, हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी पूर्वेला. फलाटावर उभ्या माणसाला कोणी उत्तर-दक्षिण सांगत नाही; ‘चर्चगेट साइड’ आणि ‘विरार साइड’ म्हणतात, आणि त्याला नेमकं कळतं. पूर्वेला ‘दादर टी. टी.’ अजून बोलण्यात आहे. ट्राम टर्मिनसचं ते नाव. शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली ती ३१ मार्च १९६४ला. त्यानंतर जन्मलेली, आता नातवंडं असलेली माणसंही टॅक्सीवाल्याला टी. टी.च सांगतात.

टॉल्किनने वारंवार सांगितलं आहे की भाषा त्याने आधी केल्या, आणि त्या बोलायला कोणी असावं, त्यांना राहायला जग असावं, म्हणून मग गोष्टी लिहिल्या. नाव आधी, जागा नंतर. गोंडोर म्हणजे दगडाचा देश, मॉरडोर म्हणजे काळा देश. आधी शब्द उच्चारला गेला, मग तिथे डोंगर उठले. गिरगाव ते परळ चालताना मला याच्या नेमकं उलट दिसतं. इथे जागा गेली आणि नाव राहिलं. फणसवाडीत फणस शोधू नये आणि केळेवाडीत केळी. मुगभाट, बोरभाट यांतलं भाट म्हणजे बागायत; कोकणात, गोव्यात तो शब्द अजून जिवंत आहे, इथे तो फक्त गल्लीच्या तोंडाशी उरला. चिंचपोकळीत चिंचांच्या मधली पोकळी होती, उमरखाडीला खाडी होती. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधून समुद्र आत शिरायचा. तिथे घातलेला हॉर्नबीचा बांध अठराव्या शतकाच्या अखेरीला पुरा झाला आणि आतली खाजणं हळूहळू सुकली. पायधुणीला ओहोळ ओलांडून येणारे लोक पाय धूत, असं सांगतात. पाणी गेलं, तरी धुणं नावात चालू आहे.

तळ्यांचंही तसंच. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी. हिवतापाचा तपास करून डॉ. बेंटली यांनी १९११च्या अहवालात शहरातल्या उघड्या विहिरींवर आणि पाणवठ्यांवर बोट ठेवलं, डास तिथेच वाढत होते. बुजवायचं ते बुजवलं गेलं, आणि ते योग्यच झालं. तरीही ‘धोबी तलावाला उतर’ असं कोणी म्हणालं की माझ्या मनात आधी पाणी येतं, चौक नंतर.

पण तोंड कुठे करून उभं राहायचं, याचं उत्तर लालबाग-परळने स्वतःचं दिलं आहे. गिरण्यांत आलेले कामगार दोन वाटांनी आले. काही घाटावरून उतरून आले, फार मोठा भाग रत्नागिरीकडून, तळकोकणातून आला. त्यांच्या दिशा उंचीच्या: घाटावर चढायचं, कोकणात उतरायचं. आणि या दोन्हींपेक्षा मोठी दिशा एकच, ‘गावाला’. ‘कुठे चाललास?’ ‘गावाला.’ पुढे विचारायची गरज नसे. चाळींतून गावकीच्या खोल्या होत्या. एका गावची माणसं एका खोलीत, पाळीपाळीने झोपणारी. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्या जागी पथारी टाकणार. कोकणातल्या एवढ्याशा वाडीचं नाव परळच्या जिन्यावर रोज घेतलं जायचं. एल्व्ह समुद्राकडे पाहत. ही माणसं समुद्राला डावलून, त्याच्या कडेकडेने, दक्षिणेकडे पाहत राहिली. गणपतीत अजून पाहतात. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर पुष्कळ जण त्याच दिशेला कायमचे गेले. टॉल्किनच्या कथेत शेवटी जहाजं पश्चिमेला निघून जातात, ते वाचताना मला एस.टी.च्या टपावर बांधलेल्या ट्रंका दिसतात.

मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या काही स्थानकांची नावं बदलायला मंजुरी दिली. करी रोडचं लालबाग, चर्नी रोडचं गिरगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी. पहिली दोन मला मनापासून पटतात. लोक राहतात लालबागला आणि गाडी पकडतात करी रोडला, हे अंतर मिटलेलं बरं. तिसऱ्यापाशी मी अडतो. कॉटन ग्रीन हे नाव फिरस्तं आहे. कापसाचे गठ्ठे आधी फोर्टातल्या हिरवळीवर उतरत, मग तो बाजार कुलाब्याला गेला, तिथून विसाव्या शतकात शिवडीकडे आला, आणि प्रत्येक वेळी आपलं नाव बरोबर घेऊन आला. गिरणगावातल्या स्थानकांच्या पाट्यांवर कापसाची खूण असलेला तो एकच शब्द आहे. भोंगे बंद झाले, चिमण्या पाडल्या, गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या इमारतींच्या नावांत सूत नाही की साचा नाही. काळाचौकी सगळ्यांना ठाऊक आहे, तिला पाटीची गरज नाही. कॉटन ग्रीनची पाटी उतरवू नये.