डोंगराने दिलेली मुदत

बँकेत होतो तोवर संध्याकाळ म्हणजे कॅश जुळेपर्यंतचा काळ. दहा रुपयांचा फरक निघाला की शटर अर्धं खाली ओढून सगळे व्हाउचरांच्या गठ्ठ्यात डोकं घालायचे. बाहेर पडावं तर रस्त्यावरचे दिवे लागलेले असायचे. निवृत्तीनंतर सकाळ, दुपार, रात्र सगळ्या ओळखीच्याच निघाल्या. नवी निघाली ती संध्याकाळ.

आता ती वाईत, गणपती घाटाच्या पायऱ्यांवर बसून घालवतो. बसून. साठीनंतर माणसाने सतत चालत असलं पाहिजे असा हल्ली दंडकच आहे. मनगटावर पावलं मोजत, घामेजलेल्या कर्तव्यबुद्धीने घाटावरून तरातरा जाणारे आमचे समवयस्क आमच्याकडे जरा कीव केल्यासारखं बघतात. बघोत बापडे. आमचं चालणं सकाळीच उरकलेलं असतं.

वाईचा सूर्य पंचांगाला जुमानत नाही. पश्चिमेला पसरणीचा घाट, वर पाचगणीचं पठार. त्यामुळे तो वेळेआधीच डोंगराआड होतो. एरवी आपल्याकडे संधिप्रकाश तोकडा. सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत दाटून येतं. इथे डोंगर मुदत वाढवून देतो, तीही बिनव्याजी. ऊन सरलेलं, अंधार यायचा आहे, अशा त्या तुकड्यात घाट भरतो.

चैत्र-वैशाखात पायरी चांगली गरम असते. काळा बेसाल्ट दिवसभर ऊन पितो आणि सूर्य गेल्यावर सावकाश सोडत राहतो. गुडघ्यांना हा शेक फुकटात. शेजारीच ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचा लोंढा तिच्यावर दुभंगून जावा म्हणून. एप्रिलातली घोटाभर कृष्णा पाहणाऱ्याला ही खबरदारी अतिरेकी वाटेल. त्याने श्रावणात यावं. धोम धरणातून पाणी सोडलं की आमच्या बैठकीची पायरी पाण्याखाली जाते आणि आम्ही मुकाट्याने घरच्या पडवीत खुर्च्या टाकतो.

खरं पाहण्यासारखं पाण्यावर घडतं. पाकोळ्या पाण्याला पोट लावून किडे टिपत असतात. बघता बघता केव्हातरी ध्यानात येतं, की आता फिरताहेत त्या पाकोळ्या नव्हेत, वटवाघळं आहेत. उडण्यातला झोक बदललेला असतो, जरा अडखळता, झटके घेणारा. पाळी नेमकी कधी बदलली, हे पकडायचा माझा आणि पायरीवरचे माझे सोबती गुरुजी यांचा हट्ट आहे. ऐन वेळी कोणीतरी, ‘‘काय, वेळ कसा जातो?’’ असं विचारायला येतं आणि क्षण हुकतो.

परवा आमच्या पायरीवर कॉलेजची पोरं रील काढत होती. गुरुजी जवळ जाऊन म्हणाले, ‘‘बाळांनो, ही पायरी पेन्शनरांची.’’ पोरं हसून सरकली, वर आम्हा दोघांनाही त्यात घेतलं आणि गुरुजींना ते पाठवलं. त्यांनी चष्मा वर करून ते नीट पाहिलं, परत पाहिलं. मग म्हणाले, ‘‘झकास आहे. उद्या सातच्या सुमाराला या आणि फोन जरा पाण्याकडे धरा.’’