पिशवी काढली, पुढचे कोण बघणार?

आमची आई पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. चार वर्षांपूर्वी ऐन आषाढात तिचा हात हलायला लागला. रात्री घामाने उशी भिजायची, झोप नव्हती. याला कारण आम्हीच होतो.

आईची पिशवी आणि दोन्ही अंडाशये वयाच्या ३९ व्या वर्षी काढली. काढणाऱ्या डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली, नंतर शरीराचे काय होते ते सांगितले नाही. अंडाशये गेली की पाळी एका दिवसात जाते, हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. पुढे दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी इस्ट्रोजेनची गोळी लावली. ती बारा वर्षे चालली आणि आम्ही समाजशास्त्रात एम.ए. झालेल्यांनी एक बातमी वाचून बंद करायला लावली.

बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. २००२ साली अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ अभ्यासाचा एक भाग थांबला. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग वर्षाला १०,००० बायकांमागे सुमारे ८ ने वाढला होता. पण त्या बायकांना गर्भाशय होते, सरासरी वय ६३ होते. गर्भाशय नसलेल्यांचा, नुसत्या इस्ट्रोजेनचा भाग २००४ मध्ये थांबला. त्यात स्ट्रोक वाढला, स्तनाचा कर्करोग वाढला नाही. आईचा प्रश्न या दुसऱ्या भागातला होता, आम्ही पहिल्याची भीती तिच्यावर लादली. बाईंच्या शरीरावर निर्णय घेणारा तो डॉक्टर आणि आम्ही, फरक काय राहिला?

बाईंनी बीपी तपासले, डोस कमी केला, गोळीऐवजी त्वचेला लावायची जेल दिली; गुठळीचा धोका त्यात कमी. किती वर्षे? ठरावीक वय नाही, दरवर्षी तपासून ठरवायचे. आई आज ५५ ची आहे.

२०१९ साली नीलम गोऱ्हे समितीपुढे बीडचा आकडा आला: ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. दलित, भटक्या, इतर मागास घरांतल्या बायका. शस्त्रक्रियांवर गदारोळ झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण ज्यांची अंडाशयेही गेली त्यांच्या पुढच्या वीस वर्षांच्या औषधाचे काय, हे आपल्या मोर्च्यांतही कुणी विचारले नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू घेतली होती. आपण बाळंतपणावरच थांबलो.

मागच्या महिन्यात रोह्याच्या बैठकीत आम्ही विचारले, अंडाशये ठेवली की काढली, कुणाला माहीत आहे? अकरा जणींची पिशवी काढलेली होती. कागद दोघींकडेच निघाले. उरलेल्या नऊ जणींचे कागद मिळवण्यासाठी अर्ज लिहिणे चालू आहे.

आईला परवा विचारले, जेल अजून किती दिवस लावणार?

“आखणी तू करणार का?” ती म्हणाली, आणि ब्रश धुवायला गेली.